दहा वर्षांच्या सह्या : रखडलेल्या आश्रय-अर्जापासून कायम वास्तव्यापर्यंतचं एक प्रकरण

पूर्व लंडनमधल्या एका छोट्या सल्ला केंद्रात मी काही वर्षं केसवर्कर होते. हे प्रकरण तिथलं आहे. ज्यांचं आहे त्यांना विचारून लिहिते आहे. नाव, गाव आणि घरचे ओळख पटतील असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि त्यांच्यातलं अंतर मात्र तसंच ठेवलं आहे, कारण या प्रकरणात सगळं काही तारखांवरच अडलं आणि तारखांवरच सुटलं.

मी त्यांना अण्णा म्हणायचे. पहिल्याच भेटीत सवयीने तोंडातून गेलं आणि ते एकदम वर बघायला लागले. तमिळमध्येही थोरल्या भावाला अण्णाच म्हणतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांची ‘तंगच्ची’, म्हणजे धाकटी बहीण झाले. बाकी संभाषण मोडक्या इंग्रजीत, आणि महत्त्वाचं काही असलं की केंद्रातल्या तमिळ सहकाऱ्याला मध्ये बसवून.

पार्श्वभूमी

अण्णा श्रीलंकेतल्या जाफना द्वीपकल्पातले. तिथे त्यांचं मोटर वाइंडिंगचं लहानसं दुकान होतं. १९९५ च्या ऑक्टोबरअखेर लष्कर शहराच्या जवळ आलं आणि जाफना जवळजवळ रिकामं झालं. त्या लोंढ्यात अण्णा, त्यांची बायको आणि तीन वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी ते परतले, तेव्हा मुलगा पोटात होता. एप्रिल २००० मध्ये एलिफंट पासचा लष्करी तळ एलटीटीई या सशस्त्र तमिळ संघटनेने जिंकला. त्यानंतर जाफन्यात धरपकड वाढली. कुणाचा तरी जनरेटर दुरुस्त करून दिला म्हणून अण्णांना दोनदा उचललं. जनरेटर कुणाचा आहे हे विचारायची सोय तिथे नव्हती. दुसऱ्या वेळी १९ दिवस ठेवलं. पाठीवरचे आणि डाव्या दंडावरचे व्रण तेव्हाचे.

सप्टेंबर २००० मध्ये एजंटला पैसे देऊन ते लंडनला पोचले आणि क्रॉयडनच्या इमिग्रेशन कार्यालयात जाऊन त्यांनी आश्रय मागितला. बायको आणि मुलं मागे राहिली. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार. वर्षभरात त्यांना बोलावून घेऊ, असा हिशोब होता.

सुरुवातीचा काळ त्या वेळच्या बहुतेकांसारखाच गेला. इंग्रजीतला लांबलचक जबानीचा फॉर्म १४ दिवसांत भरून द्यायचा. एकट्या माणसाला आठवड्याला ३६ पौंड ५४ पेन्स मिळायचे. त्यातले १० पौंड रोख, बाकीची व्हाउचर. व्हाउचरवर दुकानदार सुटे परत देत नसत. सहा महिन्यांत निर्णय झाला नाही तर काम करायची परवानगी मागता येई. ही सवलत २३ जुलै २००२ ला बंद झाली, पण अण्णांना त्याआधीच परवानगी मिळालेली होती. ते एका वर्कशॉपमध्ये लागले आणि घरी पैसे पाठवू लागले.

२००१ च्या शेवटी अर्ज नाकारला गेला. अपील २००३ मध्ये चाललं. तेव्हाच्या पद्धतीत अपील अ‍ॅडज्युडिकेटरपुढे, म्हणजे इमिग्रेशनच्या अपिलांवर निकाल देणाऱ्या न्यायाधीशापुढे, चालायचं. अण्णांना अटक झाली होती, मारहाण झाली होती, हे अ‍ॅडज्युडिकेटरने मान्य केलं. पण फेब्रुवारी २००२ मध्ये श्रीलंका सरकार आणि एलटीटीई यांच्यात शस्त्रसंधी झाला होता. तेव्हा आता परत गेल्यास धोका नाही, असं म्हणून अपील फेटाळलं.

अपिलाचे हक्क संपले की त्या माणसाला ‘एआरई’ (अपील राइट्स एक्झॉस्टेड) म्हणतात. अण्णा एआरई झाले आणि त्याबरोबर कामाची परवानगी गेली, सरकारी मदत गेली. देशातून मात्र त्यांना कुणी पाठवलं नाही. महिन्यातून एकदा रिपोर्टिंग सेंटरला जाऊन हजेरी द्यायची, एवढंच राहिलं. आमच्याकडे येणारे सगळे याला ‘साइन करायला जाणं’ म्हणतात.

२००४ मध्ये तेव्हाच्या सॉलिसिटरने व्रणांबद्दलचा वैद्यकीय अहवाल जोडून नवं निवेदन पाठवलं. त्याला उत्तर आलं नाही. २००५ गेलं, २००६ गेलं. २००६ मध्ये शस्त्रसंधी नावापुरता उरला, जाफन्याकडे जाणारा ए-९ रस्ता ऑगस्टमध्ये बंद झाला, आणि इथे अण्णा साइन करत राहिले.

अडचण काय होती

अण्णा आमच्याकडे आले २००८ च्या वसंतात. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आत साइन केल्याचे सगळे कागद वर्षवार गुंडाळून, प्रत्येक गुंडाळीला रबर. सगळ्यात खाली आयएस ९६ हा तात्पुरत्या प्रवेशाचा फॉर्म होता. घड्यांवर तो इतका विरला होता की मागून सेलोटेप लावून जोडला होता, आणि ती टेपही पिवळी पडली होती. त्यांनी तो दोन्ही हातांनी उलगडला. ओल्या कपड्याची घडी उकलावी तसा, कडेकडेने.

एवढं सगळं जपलेलं, पण आपली केस नेमकी कुठे आहे हे त्यांना सांगता येत नव्हतं. ज्या सॉलिसिटर फर्मने २००४ चं निवेदन पाठवलं होतं ती मधल्या काळात बंद झाली होती. फाइल मिळाली नव्हती. अण्णा मित्रांकडे राहायचे आणि दरम्यान तीनदा जागा बदलली होती. दर वेळी फर्मला कळवलं होतं. फर्मने ते पुढे कळवलं का, हे माहीत नव्हतं.

ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. आमच्या केंद्राची नोंदणी होती, पण खालच्या पातळीची. नवं निवेदन, कोर्ट वगैरे कामं आम्ही एका सॉलिसिटर बाईंकडे पाठवायचो. आमचं काम कागद शोधणं, लावणं, पाठपुरावा करणं. म्हणून पहिलं पाऊल सरळ होतं : १९९८ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्याखाली १० पौंड भरून गृहखात्याकडून स्वतःच्या फाइलची प्रत मागवायची.

प्रत आली तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक, २००४ चं निवेदन पोचलं होतं आणि नोंदलेलं होतं. म्हणजे केस बंद नव्हती, निर्णयाविना पडून होती. दुसरी वाईट होती. पत्ता सर्वांत जुना होता. त्या पत्त्यावर गेलेली दोन पत्रं परत आली होती आणि नोंदींत अण्णांचा ठावठिकाणा लागत नसल्याचा शेरा होता. आणि या काळात जवळजवळ एकही महिना न चुकता हा माणूस साइन करायला जात होता. डबा समोरच होता. माझ्या तमिळ सहकाऱ्याने त्यांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी फक्त त्या दोन पत्रांच्या तारखा विचारल्या, आणि त्या महिन्यांचे कागद स्वतःच्या हाताने काढून टेबलावर ठेवले.

समोर असलेले पर्याय

आधी सरकारी चित्र सांगायला हवं, नाहीतर पर्याय कळणार नाहीत. जुलै २००६ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री जॉन रीड यांनी संसदेत सांगितलं की न सुटलेल्या आश्रय प्रकरणांच्या ४,००,००० ते ४,५०,००० नोंदी पडून आहेत आणि पाच वर्षांच्या आत त्यांचा निपटारा केला जाईल. ५ मार्च २००७ नंतरचे अर्ज नव्या पद्धतीने चालायला लागले. त्याआधीचे सगळे ‘लेगसी’ म्हणून एका वेगळ्या विभागाकडे गेले. ही काही माफी योजना नव्हती. प्रत्येक केस बघून माणसाला देशाबाहेर काढायचं की ठेवायचं हे ठरवायचं होतं, आणि ठेवायचं ठरलं तर त्या काळात बहुधा इन्डेफिनिट लीव्ह टु रिमेन, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी मिळत होती. तिला सगळे आयएलआर म्हणतात. कसोटी होती इमिग्रेशन नियमांतला परिच्छेद ३९५-सी. त्यात वय, देशातल्या वास्तव्याचा काळ, इथले संबंध, वागणूक आणि कामाची पार्श्वभूमी, घरची परिस्थिती, गुन्ह्यांची नोंद, करुणेची कारणं आणि माणसाने स्वतः मांडलेलं म्हणणं, या गोष्टी बघायच्या होत्या.

अण्णांच्या ओळखीतल्या बहुतेकांनी सुचवलेला पर्याय होता साइन करणं सोडून गायब व्हायचा. तेव्हा १४ वर्षांचा एक नियम होता : कायदेशीर-बेकायदेशीर कसंही, १४ वर्षं सलग राहिलेला माणूस काही अटींवर कायम वास्तव्य मागू शकत असे. २००० मध्ये आलेल्याला २०१४ पर्यंत थांबायचं. आणि दर महिन्याला रिपोर्टिंगला जाणं म्हणजे कधीतरी तिथूनच उचलून डिटेन्शनमध्ये टाकतील ही भीती होतीच. ती खोटी नव्हती, लोकांना तसं उचलल्याचं आम्ही बघितलं होतं. ‘वाघाच्या तोंडात दर महिन्याला डोकं घालतोस,’ असं मित्र त्यांना म्हणत.

अण्णांनी ऐकलं नाही. का, असं मी विचारलं होतं. त्यांचं म्हणणं, ‘तंगच्ची, मी लपलो तर मी खोटं बोललो असं होईल.’ कायदेशीर दृष्ट्याही तेच बरोबर ठरलं. रिपोर्टिंग सोडणं वागणुकीच्या खात्यात उलटं गेलं असतं. आणि ९ जुलै २०१२ ला तो १४ वर्षांचा नियमच रद्द झाला, त्याजागी २० वर्षं आली. २०१४ ची वाट बघणाऱ्या कितीतरी जणांच्या पायाखालची फळी तेव्हा निघाली.

दुसरा पर्याय नव्याने आश्रयाचा दावा लढवायचा. २००८ मध्ये हा पर्याय कागदावर मजबूत होता. ऑगस्ट २००७ च्या एलपी या निकालात ब्रिटिश ट्रायब्युनलने श्रीलंकेत परतणाऱ्या तमिळ माणसाला धोका वाढवणारे १२ घटक सांगितले होते, आणि १७ जुलै २००८ ला स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ‘एनए विरुद्ध युनायटेड किंगडम’ मध्ये एका तमिळ अर्जदाराला परत पाठवणं कलम ३ चा (छळ आणि अमानुष वागणुकीला असलेल्या बंदीचा) भंग ठरेल असं म्हटलं होतं. अंगावरचे व्रण, पूर्वीची अटक, बाहेर आश्रय मागितलेला असणं, हे घटक एकत्र बघा, असा त्या निकालाचा रोख. अण्णांना त्यातलं बरंच लागू होतं. यातून यश आलं तर निर्वासिताचा दर्जा मिळाला असता. या दर्जाचा अर्थ पुढे येईलच.

तिसरा पर्याय लेगसीत ३९५-सी खाली तपशीलवार म्हणणं मांडून वाट पाहायची. चौथा, दिरंगाईविरुद्ध हायकोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे सरकारच्या कारभाराची न्यायालयीन तपासणी मागायची. पण जुलै २००७ मध्ये एफएच या प्रकरणात न्यायमूर्ती कॉलिन्स यांनी म्हटलं होतं की सरकारने अनुशेष निपटण्याची पद्धत ठरवली आहे, ती मुळात अवाजवी नसेल तर नुसत्या उशिरासाठी कोर्टात येऊन सहसा काही मिळणार नाही. हा दरवाजा जवळपास बंदच होता. स्वेच्छेने परत जाण्याची योजनाही होती. २००८ मध्ये उत्तर श्रीलंकेत लढाई चालू असताना तिचा उल्लेख करायलाही मला जड गेलं, पण सगळे पर्याय सांगणं आमचं काम होतं. अण्णांनी मान हलवली आणि तो कागद परत दिला.

सॉलिसिटर बाईंनी दुसरा आणि तिसरा एकत्र करायचं सुचवलं : एकच निवेदन, त्यात आधी धोका, मग इथल्या आठ वर्षांचं आयुष्य. मला आजही ते बरोबर वाटतं.

आता मला सर्वांत जास्त छळणारा निर्णय. नवं निवेदन दिलं की १९९९ च्या त्याच कायद्याच्या कलम ४ खाली सरकारी मदत मागता येत होती. आठवड्याला ३५ पौंडांची व्हाउचर आणि राहायला जागा. अट एकच, देतील त्या गावी जायचं. नुसती व्हाउचर मिळत नसत. अण्णांनी नकार दिला. ईस्ट हॅममध्ये मित्राच्या घरी जमिनीवर झोपत होते, पण देऊळ जवळ होतं, डॉक्टर ओळखीचा होता, शनिवारी तमिळ शाळेत ते खुर्च्या लावायचे आणि पंखे दुरुस्त करायचे. ‘इथे मला कोणीतरी नावाने हाक मारतं,’ असं म्हणाले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. इथल्या संबंधांचा पुरावा मजबूत राहील, हा हिशोबही मनात होताच.

पण लेगसीत कोणत्या केसेस आधी घ्यायच्या याचा क्रम २००६ मध्येच जाहीर झाला होता : समाजाला धोका असलेले, सहज परत पाठवता येण्याजोगे, सरकारी मदत घेणारे, आणि ज्यांना परवानगी मिळण्याची शक्यता आहे असे. मदत घेणारे! मदत नाकारून आम्ही अण्णांना एका प्राधान्याच्या रांगेतून बाहेर काढत होतो, हे त्या दिवशी त्या खोलीत कुणीच मोठ्याने म्हटलं नाही. मीही नाही.

काय केलं

निवेदन फेब्रुवारी २००९ मध्ये गेलं. त्याआधीचे चार-पाच महिने पुरावा गोळा करण्यात गेले, आणि खरी मेहनत तिथेच होती. डॉक्टरकडच्या नोंदणीची तारीख, कॉलेजातल्या इंग्रजी वर्गाची हजेरी, देवळाचं पत्र, शाळेचं पत्र, ज्यांच्याकडे राहिले त्या तिन्ही मित्रांची प्रतिज्ञापत्रं, जुन्या वर्कशॉपच्या पगाराच्या स्लिपा. आणि तो डबा. साइन केल्याचा प्रत्येक कागद झेरॉक्स करून, महिन्यांच्या तक्त्यासह जोडला. ठावठिकाणा नसल्याच्या शेऱ्याला याहून चांगलं उत्तर नव्हतं. दोन कागद कमी होते. एक अण्णांना फ्लू झाला तेव्हाचा, त्याचं डॉक्टरचं पत्र सापडलं. दुसऱ्या महिन्याचा कागद हरवला, असं आम्ही सरळ लिहिलं.

सरळ लिहिण्याचा दुसरा प्रसंग जास्त अवघड होता. २००५ मध्ये मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा अण्णांनी सात महिने एका दुकानात रात्रपाळीला रोख पैशावर काम केलं होतं. परवानगी नव्हती. मित्र म्हणाले, लिहू नका, कुणाला कळणार आहे. सॉलिसिटर बाई म्हणाल्या, विचारलेल्या गोष्टीवर खोटं लिहिलेलं मी सादर करणार नाही, आणि न सांगितलेलं नंतर बाहेर आलं तर बाकीच्या सगळ्या कागदांवरचा विश्वास जाईल. अण्णांनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी येऊन, किती महिने, किती पैसे, कशासाठी, सगळं सांगितलं. पुढे कुणी त्यावर एक शब्दही विचारला नाही.

निवेदन रेकॉर्डेड पोस्टाने पाठवलं आणि पावती फाइलच्या पहिल्या पानाला लावली. ही सवय किती मोलाची होती ते नंतर कळलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये सीमा आणि इमिग्रेशनचे मुख्य निरीक्षक जॉन वाइन यांचा लेगसी केसेसबद्दलचा अहवाल आला. त्यात लिव्हरपूलच्या एका खोलीत न उघडलेल्या टपालाच्या १५० हून जास्त पेट्या सापडल्याचं म्हटलं होतं. त्यात अर्जदारांची, वकिलांची, खासदारांचीही पत्रं होती.

मग स्थानिक खासदारांच्या साप्ताहिक भेटीत अण्णांना घेऊन गेलो. खासदारांच्या पत्राला उत्तर आलं : केस लेगसीत आहे, २०११ च्या उन्हाळ्यापर्यंत निकाली निघेल. पत्ता नवा पडला होता. एवढ्यानेही आम्हाला हायसं वाटलं.

मे २००९ मध्ये श्रीलंकेतलं युद्ध संपलं. अण्णांचं कुटुंब जाफन्यात सुखरूप होतं, मेहुणा मात्र वन्नीत, शेवटची लढाई झाली त्या भागात, दगावला. युद्ध संपल्यावर आश्रयाचा मुद्दा पूर्वीइतका टोकदार राहणार नाही, हे सॉलिसिटर बाईंनी ओळखलं आणि वास्तव्याच्या बाजूला जास्त वजन द्यायचं ठरवलं. पण १४ ऑक्टोबर २००९ पासून नियम बदलला होता. जुन्या अर्जदारांनी नवी कागदपत्रं पोस्टाने न पाठवता, वेळ ठरवून, स्वतः लिव्हरपूलला नेऊन द्यायची. अण्णा जानेवारी २०१० मध्ये रात्रीच्या कोचने गेले. तिकिटाचे पैसे देवळातल्या मंडळींनी काढले. बर्फ पडलेलं होतं. सकाळी पोचले, कागद दिले, पोच घेतली आणि दुपारच्या कोचने परतले. पोच त्यांनी डब्यात ठेवली नाही, शर्टाच्या खिशात ठेवली होती. ती कडक घडी त्यांनी माझ्यासमोर उघडली तेव्हा छातीच्या घामाने तिची एक कड मऊ पडली होती.

त्यानंतर जूनमध्ये घडलं ते. अण्णांची बायको फोनवर होती आणि अण्णा केंद्रातूनच बोलत होते. फोन ठेवून ते म्हणाले, ऑगस्टमध्ये मुलगी अठरा वर्षांची होते, कॉलेजचं विचारत होती. मी पेन खाली ठेवलं. इमिग्रेशन नियमांत मुलांना बोलवायची मर्यादा १८ वर्षांची आहे, आणि वय मोजतात ते अर्जाच्या तारखेला. तिचा जन्मदाखला, इंग्रजी भाषांतरासह, फेब्रुवारी २००९ पासून आमच्याच फाइलमध्ये होता. मी स्वतः त्याला पान क्रमांक घातला होता.

त्याच आठवड्यात सॉलिसिटर बाईंनी पत्र लिहिलं : मुलीचं वय लक्षात घेऊन निर्णय लवकर द्यावा. खासदारांकडूनही लिहवून घेतलं. ऑगस्ट आला आणि गेला.

निकाल

नोव्हेंबर २०१० मध्ये पासपोर्ट आकाराचे दोन फोटो आणि पत्त्याचा पुरावा मागणारं पत्र आलं. असं पत्र आलं की काय होणार ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत असे. तीन आठवड्यांत आयएलआरचा कागद आला. अण्णा ५० वर्षांचे होते. देशात येऊन दहा वर्षं आणि दोन महिने झाले होते.

तारखेचं आणखी एक सांगायला हवं. लेगसीतल्या केसेसमध्ये परवानगी देताना कायम वास्तव्याऐवजी तीन वर्षांची तात्पुरती परवानगी द्यायची, असा बदल जुलै २०११ मध्ये झाला. ज्यांची फाइल त्यानंतर उघडली त्यांनी पुढे कोर्टात सांगून बघितलं की आम्हालाही वेळेत निर्णय मिळाला असता तर आयएलआर मिळालं असतं. न्यायालयांनी ते मान्य केलं नाही. म्हणजे आठ-नऊ महिन्यांच्या फरकावर, तोच माणूस, तेच कागद असूनही, हातात पडणारी गोष्ट वेगळी असती.

आयएलआर मिळालं, निर्वासिताचा दर्जा नाही. हा फरक कागदावर लहान दिसतो. निर्वासिताला कुटुंब बोलावताना तेव्हा स्वतःच्या उत्पन्नाचा आणि घराचा पुरावा द्यावा लागत नसे. आयएलआर असलेल्याने बायकोसाठी साधा जोडीदार व्हिसा मागायचा. सरकारी मदतीशिवाय सांभाळीन हे दाखवायचं, राहायला पुरेशी जागा दाखवायची. शिवाय २९ नोव्हेंबर २०१० पासून, म्हणजे अण्णांचा कागद येण्याच्या सुमारासच, जोडीदाराने येण्याआधी इंग्रजीची परीक्षा पास होणं सक्तीचं झालं. दर्जासाठी भांडत राहायचं का, असा प्रश्न सॉलिसिटर बाईंनी अण्णांपुढे ठेवला. अण्णा म्हणाले, आता मला कुणाला व्रण दाखवायचे नाहीत.

पुढे एक छोटा निर्णय उरला. व्हिसाचा अर्ज लगेच करायचा की नोकरी लागून पगाराच्या स्लिपा जमल्यावर? डिसेंबर २००९ मध्ये महाद या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तिसऱ्या माणसाची आर्थिक मदतही धरता येते असं म्हटलं होतं, आणि देवळातली दोन कुटुंबं लिहून द्यायला तयार होती. पण मुलगा १४ चा होता, त्याच्या बाबतीत घाई नव्हती. आणि नाकारलेला अर्ज पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटतो. थांबलो. अण्णांना एका गोदामात काम मिळालं, दोन खोल्यांची जागा घेतली, सहा महिन्यांच्या स्लिपा जमल्या. बायकोने कोलंबोला राहून इंग्रजीची परीक्षा दिली, दुसऱ्या प्रयत्नात पास झाली. २०१२ च्या सुरुवातीला ती आणि मुलगा हीथ्रोला उतरले. त्याच वर्षी जुलैत जोडीदार व्हिसासाठी वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्नाची अट आली, बरोबर मूल असेल तर २२,४००. गोदामातल्या पगारात ती बसली नसती.

मुलगी आजीजवळ राहिली. प्रौढ मुलीला बोलवायचा नियम इतका अरुंद होता की सॉलिसिटर बाईंनी तो अर्ज करू नका असंच सांगितलं. २०१३ मध्ये अण्णा तिला भेटून आले. साडेबारा वर्षांनी. विमानतळावर ती आपल्याला ओळखेल का म्हणून त्यांनी फोटो आधी पाठवला होता. त्यांनी मला सांगितलं, तिने ओळखलं, मीच आधी चुकीच्या मुलीकडे गेलो.

काय वेगळं करता आलं असतं

पत्ता बदलल्याचं अण्णांनी फक्त सॉलिसिटरला न सांगता स्वतःही लेखी कळवायला हवं होतं, आणि पोच ठेवायला हवी होती. साइन करायला जाताना रिपोर्टिंग सेंटरलाही सांगता आलं असतं. २००४ ते २००८ ही चार वर्षं कुणीच फाइलची प्रत मागवली नाही. १० पौंडांचं काम होतं ते.

मदत नाकारण्याच्या निर्णयाबद्दल माझं मत आजही ठरत नाही. गेले असते तर कदाचित केस आधी उघडली असती. कदाचित नसती. अनोळखी गावात, कुणी नावाने हाक न मारणाऱ्या जागी, अण्णा तेवढी दोन-तीन वर्षं तगले असते का, हे मला सांगता येणार नाही. पण प्राधान्यक्रमाची ती माहिती त्यांच्यापुढे ठेवणं माझं काम होतं. ठेवून मग त्यांनी नाही म्हटलं असतं तर तो त्यांचा निर्णय झाला असता. झाला तो माझ्या गप्प बसण्याचा होता.

आणि मुलीची तारीख. ती का निसटली, याचा मी खूप विचार केला आहे. ३९५-सी मध्ये इथले संबंध विचारतात, म्हणून आम्ही अण्णांचं इथलं आयुष्य जोडत बसलो. तिकडचं कुटुंब आमच्या लेखी पार्श्वभूमीच्या परिच्छेदात होतं. पत्र जून २०१० ऐवजी फेब्रुवारी २००९ मध्ये, मूळ निवेदनातच, ठळक जाऊ शकलं असतं. त्याने निर्णय लवकर आला असता असं मी म्हणत नाही. तेवढ्या ढिगात एका तारखेकडे कुणी बघितलं असतं की नाही, कोण जाणे. पण ऑगस्टच्या आधी आयएलआर हातात असतं, तर अर्ज त्याच आठवड्यात टाकता आला असता. तेव्हा त्या दोन कुटुंबांचं लेखी आश्वासन नक्की वापरलं असतं, स्लिपांची वाट बघितली नसती.

मी केंद्र सोडलं त्याआधी आम्ही पहिल्या भेटीचा फॉर्म बदलला. त्यावर देशाबाहेरच्या मुलांसाठी एक रकाना आहे. त्यात वय लिहीत नाहीत. मूल ज्या दिवशी अठरा पूर्ण करणार तो दिवस लिहितात, लाल शाईने, आणि फाइलच्या बाहेरच्या कव्हरवरही.